राजाने बंद केलेले पाणी

१९७२ साली ऑगस्टच्या पंचवीस तारखेला दुपारी, आमच्या वस्तीवरच्या चर्चच्या आवारात, कडुलिंबाच्या झाडाखाली, राजाच्या पोशाखात बसलेल्या माझ्या वडिलांनी एका विधवेच्या दोन बैलांना विहिरीचे पाणी बंद केले. निकाल देताना त्यांच्या डोक्यावर मुकुट होता. सणाला जमलेली सगळी वस्ती समोर बसली होती. मीही होतो.

हा राजा फ्रान्सचा. या लिखाणात कोणाचेही नाव घालायचे नाही असे ठरवले आहे, म्हणून त्याचेही घालत नाही. तेराव्या शतकात फ्रान्सवर राज्य केलेला आणि मेल्यावर संत ठरवला गेलेला राजा एकच आहे. श्रीरामपूर आणि बेलापूर यांच्या मधल्या आमच्या वस्तीवर चर्च बांधणारे पहिले फादर त्याच देशाचे होते. त्यांनी ते या राजाला वाहिले. वेदीच्या डाव्या बाजूला त्याची मूर्ती होती. निळा झगा, त्यावर सोनेरी फुले, हातात काट्यांचा मुकुट. ती फुले लिलीची आहेत असे फादर सांगत. वस्तीवरच्या बायका त्यांना कमळे म्हणत आणि मूर्तीला राजेबाबा.

माझे वडील चर्चच्या प्राथमिक शाळेत मास्तर होते. फादरांनी दिलेल्या एका पुस्तकावरून त्यांनी राजाच्या आयुष्यावर नाटक लिहिले होते. दर वर्षी सणाच्या दिवशी मिस्साची प्रार्थना झाल्यावर ते होत असे. बाराव्या वर्षी गादीवर बसलेला पोर आणि त्याच्या नावाने राज्य चालवणारी त्याची आई, इथून नाटक सुरू होई. मग राजा गरिबांना आपल्या ताटाशेजारी बसवून जेवू घाली, त्यांचे पाय धुई. येशूच्या डोक्यावरचा काट्यांचा मुकुट मोठी किंमत मोजून आणी आणि त्यासाठी काचेच्या भिंतींचे देऊळ बांधी. धर्मयुद्धाला इजिप्तला जाई, पकडला जाई, सुटे, पुन्हा निघे. शेवटच्या प्रवेशात ट्युनिसच्या बाहेर, सैन्यात रोगराई पसरलेली असताना, राखेच्या बिछान्यावर मरे. ती राख वस्तीवरच्या सगळ्या चुलींतून येई. प्रत्येक घरची बाई सूपभर राख आणून टाकी आणि माझे वडील तीवर हात पसरून निजत. राजा मेला तो दिवस पंचवीस ऑगस्ट, तोच आमचा सण.

पुस्तकातल्या राजाला दाढी नव्हती. पहिल्या वर्षी वडील दाढीशिवाय उभे राहिले तेव्हा पुढच्या रांगेतून कोणीतरी विचारले, “मास्तर, राजा कुठाय?” दुसऱ्या वर्षापासून दाढी आली. मुकुट तेलाच्या डब्याचा पत्रा कापून केलेला होता.

नाटकात एक प्रवेश ओकच्या झाडाखालचा होता. राजा झाडाखाली सतरंजीवर बसे आणि कोणीही येऊन आपले गाऱ्हाणे सांगे. मध्ये शिपाई नाही, कारकून नाही. तक्रार खरी की खोटी हे वादी-प्रतिवादींना लढायला लावून ठरवायची तिकडची जुनी रीत या राजाने बंद केली आणि साक्षीपुरावा घ्यायला लावला, हेही त्या प्रवेशात होते. आमच्याकडे ओक नव्हता, लिंब होता. एका वर्षी हा प्रवेश चालू असताना वस्तीवरचे दोन भाऊ प्रेक्षकांतून उठले आणि बांधावरच्या बाभळीचे भांडण राजापुढे मांडू लागले. लोक हसले, पण वडिलांनी राजाच्याच आवाजात दोघांचे ऐकून घेतले आणि बाभूळ धाकट्याला दिली. थोरल्याने मान खाली घालून ऐकले. कोर्टात गेलेले भांडण तिथे संपले.

पुढच्या वर्षापासून नाटकाच्या आधी लिंबाखाली राजाचा न्याय बसू लागला. त्याचे नियम कोणी लिहिले नाहीत, पण सगळ्यांना ठाऊक होते. मुकुट घालून, खुर्चीवर बसून राजा जे बोलेल ते पाळायचे. राजा उठला की न्याय संपला. निकाल बदलायचा तर पुढल्या सणाला राजानेच बदलायचा. त्याने बदलला नाही तर तो कायम. माझ्या आठवणीत हे नियम मोडल्याचे एकही उदाहरण नाही.

बहात्तर साली जूनमध्ये पाऊस झाला नाही, जुलैमध्येही झाला नाही. आमचा भाग पाटाच्या पाण्याचा, म्हणून दुष्काळ हा शब्द आमच्याकडे तोवर पूर्वेकडच्या तालुक्यांसाठी वापरला जाई. त्या वर्षी पाटही कोरडा पडला. कडेच्या खड्ड्यांत हिरवट पाणी उरले होते, तेवढेच. चर्चच्या विहिरीला मात्र पाणी होते. ती काळ्या खडकात खोदलेली होती. गावातली विहीर आमच्या लोकांना बंद होती त्या काळात वस्तीवरच्या माणसांनी ती स्वतः खोदली. माझ्या वडिलांच्या आजोबांनी तिथे सुरुंग लावले होते. त्याआधी ते घागर घेऊन गावविहिरीपासून दूर उभे राहत, कोणी वरून ओतील म्हणून. हे आमच्या घरात वारंवार सांगितले जाई.

ती बाई जुलैच्या शेवटी आली. पाथर्डीकडची, शेतकरी घरातली. नवरा गेलेला. दर हंगामात ती दिराच्या टोळीबरोबर बैलगाडी घेऊन कारखान्यावर ऊसतोडीला येई. बैलजोडी हीच तिची मिळकत होती. जोडी असेल तर टोळीत जागा, नसेल तर खडी फोडायची. तिचा भाऊ बेलापूरकडे एका बागायतदाराकडे सालगडी होता. त्याच्या आशेने ती बैल जगवायला इकडे आली. बागायतदाराने बैल आत घेऊ दिले नाहीत. मग चर्चच्या कुंपणाबाहेर बाभळीखाली तिने पाल ठोकले. माझ्या आईने तिला बादली दिली. ती रोज सकाळ-संध्याकाळ बैलांना पाणी पाजू लागली.

सणाच्या दिवशी पहिली तक्रार तिच्याविरुद्धच निघाली. थोरल्या पंचांनी ती मांडली. वस्तीवरचे बहुतेक निर्णय त्यांच्या शब्दाने होत.

“राजे, हिरीचं पानी लई खाली गेलंय. आपल्या बाया पोहरा टाकत्यात तर गाळ वर येतोय. आन् ही बाई दोन येळा दोन बैलं पाजतीया. बैल काय वाटीनं पितोय व्हय?”

लोक हसले. वडिलांनी तिला पुढे बोलावले.

“बाई, हे खरं आहे?”

“खरं हाय. बैलं हायत, पानी पित्यात.”

“कुठल्या तुम्ही?”

“पाथर्डीकडली.”

मागून एक आवाज आला, “तकडं हिरीवर आपल्या मानसाला हुबं तरी करत्यात का, इचारा की राजे!”

या वेळचे हसू मोठे होते. बायकांच्या बाजूने ते जास्त वेळ चालले. माझी आई त्या बाजूला बसली होती. बाईने मान खाली घातली. तिच्या गावात काय चालते ते तिला ठाऊक होते आणि आम्हालाही. ती म्हणाली,

“मग माज्या वाटनीचं पानी बैलाला घालते. मी पाटाच्या डबक्यातलं पिईन.”

वडील खुर्चीत सरळ बसले. मग राजाच्या आवाजात त्यांनी निकाल दिला. “या विहिरीचं पाणी माणसाला मिळेल. बाहेरच्या जनावराला मिळणार नाही. कोणाच्याही वाटणीचं नाही.”

टाळ्या पडल्या. साक्षीपुरावा झाला नाही. विहिरीत पाणी किती आहे हे कोणी जाऊन पाहिले नाही. पुढे दोन किरकोळ तक्रारी झाल्या, मग नाटक झाले. शेवटच्या प्रवेशात वडील राखेवर निजले आणि लोकांनी नेहमीप्रमाणे डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाल नव्हते. आईने दिलेली बादली आमच्या दारात घासून पालथी ठेवलेली होती.

काही दिवसांनी तिचा भाऊ आमच्याकडे आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. आत या म्हटले तर आला नाही.

“मास्तर, तुमाला सांगून ठेवावं म्हनलं,” तो म्हणाला. “नेवाशाच्या अलीकडं एक बैल बसला, मोडक्या शिंगाचा. उठला न्हाई. दुसरा घेऊन भन गेली गावाकडं.”

“पोळ्याच्या तोंडावर,” आई म्हणाली.

“व्हय. पोळ्याच्या तोंडावर.”

तो रागावलेला दिसत नव्हता. चहा घेऊन गेला. बैल आमच्यामुळे मेला असे तो बोलला नाही. बैल किती दिवस उपाशी होता, वाटेत पाणी मिळाले का, यातले काहीही आम्हाला ठाऊक नव्हते.

तेव्हापासून वडिलांच्या वागण्यात जे फरक पडले ते मी सुट्टीला घरी येई तेव्हा पाहिले. मी नगरला एका दैनिकात बातमीदार होतो. शाळेत त्यांची खुर्ची खिडकीसमोर असे आणि खिडकीतून विहीर दिसे. ती त्यांनी फिरवून ठेवली. घरी पाणी शेंदायला आई जाई, तिथे ते स्वतः जाऊ लागले, तेही भर दुपारी, विहिरीवर कोणी नसताना. आईने एकदा विचारले, “उन्हात कशाला जाता?” ते म्हणाले, “गर्दी नसते.” आईने दुसऱ्यांदा विचारले नाही. ती बादली तिने पुन्हा वापरली नाही. ती मोरीमागे पडून होती.

त्यांनी थोरल्या पंचांना सांगितले, सण नसला तरी एकदा न्याय बसवू, मला निकाल बदलायचा आहे. पंच आमच्या ओट्यावर बसले होते. मी तिथे होतो.

“मास्तर, आसं मधीच बदलायला लागलो तर बाभळीचा बी बदलावा लागंल. बांधाचा बी. माज्या पोराच्या सोयरिकीचा बी. समदे येत्याल.”

“एक बैल मेला.”

“लई मेलेत. छावनीत जाऊन बघा. आन् त्ये बी आपल्या हिरीवरनं हाकलल्यामुळं मेलेत का?” मग आवाज खाली आणून ते म्हणाले, “तिच्या गावात तुमी-आमी पानी मागितलं असतं तर?”

 पंच म्हणाले, “मग? आता का जीव खाताय सोताचा?”

पंच निघून गेल्यावरही वडील ओट्यावर बसून राहिले. नंतर मला म्हणाले, “त्या दिवशी माझ्याही मनात नेमकं हेच आलं होतं.”

त्यानंतर ते फादरांकडे गेले. आमचे त्या वेळचे फादर म्हातारे होते, परदेशी, पुस्तकी मराठी बोलणारे. वडिलांनी मला बरोबर नेले. ते फादरांना म्हणाले, “नाटक लिहिताना तुम्ही मला काही सांगितलं होतं, ते मी गाळलं. ते पुन्हा सांगा.”

फादरांनी सांगितले. या राजाच्या हुकमावरून पॅरिसमध्ये ज्यू लोकांचे धर्मग्रंथ गाड्या भरभरून आणले गेले आणि चौकात जाळले गेले. त्यांनी अंगरख्यावर वेगळ्या कापडाची खूण लावावी, म्हणजे ते ओळखू येतील, हाही त्याचाच हुकूम. देवाची निंदा करणाऱ्याचे ओठ त्याने तापलेल्या लोखंडाने डागायला लावले.

“आणि झाडाखाली न्याय करणाराही तोच?” वडिलांनी विचारले.

“तोच. दोन राजे नव्हते.”

“हे नाटकात नको असं मी म्हटलं होतं.”

“होय. आणि मी ‘बरे’ म्हटले होते,” फादर म्हणाले.

नाटकातून गळलेला आणखी एक भाग फादरांनी सांगितला. तो लांबीमुळे गळला होता. पहिल्या धर्मयुद्धाला निघण्याआधी राजाने राज्यभर माणसे पाठवली. त्यांत बहुतेक मठातले साधू होते. त्यांनी गावोगाव जाऊन विचारायचे, राजाने किंवा राजाच्या अंमलदारांनी तुमचे काही वाईट केले आहे का. ज्याची तक्रार खरी निघेल त्याची भरपाई करायची. आधीच्या राजांच्या काळातले अन्यायसुद्धा लोकांनी सांगितले. त्या तक्रारींपैकी बऱ्याच अजून शिल्लक आहेत, फ्रान्समध्ये वाचायला मिळतात, असे फादर म्हणाले.

“ज्यांची पुस्तकं जाळली, त्यांना विचारायला गेलं का कोणी?”

फादरांनी विचार केला. “मला माहीत नाही, मास्तर.”

परत येताना वडील पाटाच्या कडेने चालत होते. पाट कोरडाच होता. त्यांनी मला विचारले, “तू दुष्काळी कामांवर जातोस ना बातम्या आणायला? पाथर्डीकडं?”

“जातो.”

“मग विचार. ती कुठं आहे ते बघ आणि विचार, राजाविरुद्ध तक्रार आहे का. आहे म्हणाली तर सणाला ये म्हणावं. नाव मला माहीत नाही. मी विचारलंच नव्हतं.”

तिचे नाव भावाने सांगितले. ती कुठल्या कामावर आहे ते त्यालाही ठाऊक नव्हते. त्या हिवाळ्यात मी पाथर्डी आणि शेवगाव तालुक्यांतली कामे पाहत होतो. रस्त्यांची कामे, पाझर तलाव, खडी. प्रत्येक ठिकाणी बातमीसाठी जे विचारायचे ते विचारून झाले की मी तिच्याबद्दल विचारी. जानेवारीत एका पाझर तलावाच्या कामावर ती सापडली. मातीची पाटी डोक्यावरून उतरवत होती. मी कोण ते सांगितले.

“त्यो राजा?” ती म्हणाली. “दाढी लावल्याला? घामानं एका बाजूनं सुटली हुती त्याची. मी तीच बघत हुते.”

“मी त्यांचा मुलगा. पेपरात काम करतो.”

“मंग छापा आमचं. खायला देत्यात त्या सुकडीत आळ्या निघत्यात, त्ये छापा.”

“ते छापतो. पण मी दुसरं विचारायला आलोय. तुमची काही तक्रार आहे का?”

“कुनाकडं?”

“राजाकडं.”

“कुनाइरुद्द?”

“राजाविरुद्ध.”

तिने शेजारच्या बाईला हाक मारली. “ऐकलं का गं? राजानं मानूस धाडलंय. राजानं माजं काय वाईट केलं त्ये इचारायला!”

“लुगडं मागून घे,” शेजारीण म्हणाली. “हिरवं माग.”

“आन् नथ!” तिसरी म्हणाली.

तिघी हसल्या. मुकादमाने हाक मारली तेव्हा शेजारणी पाट्या उचलून गेल्या. ही मागे राहिली. पदराने तोंड पुसले.

“बैल तर कुटं बी मेला असता, बाबा,” ती म्हणाली. “लई खंगला हुता. पानी न्हाई म्हनला तुमचा राजा, त्ये बी समजलं. कुटंच न्हाई हुतं. पर मी माज्या वाटनीचं देते म्हनलं की. माजं मी. त्ये बी न्हाई म्हनला. त्ये का?”

मी वही काढून तिचा प्रश्न लिहून घेतला.

“हीच तक्रार हाय. त्ये का, त्येवडं इचार त्याला.”

मी तिला सणाचा निरोप दिला. ती म्हणाली, पाऊस पडला आणि दुसरा बैल छावणीतून जिवंत आला तर भावाकडे यायचेच आहे. भावाच्या मालकाचा एक बैल आहे, जोडी जमते का बघायचे आहे. तेव्हा येईन.

घरी येऊन मी तिचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला. आई भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. वडिलांनी प्रश्न मला पुन्हा एकदा म्हणायला लावला. मग म्हणाले, “समोर सांगतो म्हणावं.” निरोप मी कळवला.

त्र्याहत्तर साली पाऊस झाला. पाट वाहू लागला, शेतांत पाणी नेणाऱ्या चाऱ्या भरल्या. वडिलांनी या वर्षी राजा दुसऱ्या कोणीतरी व्हावे असे पंचांना सुचवले नाही. उलट मुकुटाचा पत्रा स्वतः पुन्हा ठोकून सरळ केला. ते मला म्हणाले, “निकाल मला बदलायचाय, म्हणजे बसावं मलाच लागेल.”

सणाच्या दिवशी ती आली. भाऊ बरोबर होता आणि एक बैल. बैल तिने कुंपणाजवळ भावाच्या हाती दिला आणि लोकांच्या मागे उभी राहिली. वडिलांनी रीतीप्रमाणे विचारले, “कोणाचं गाऱ्हाणं आहे?”

“माजं हाय,” ती मागून म्हणाली. “राजाइरुद्द.”

लोक वळून पाहू लागले. कोणीतरी म्हणाले, “राजाची तक्रार राजाकडंच?”

“मंग कुनाकडं करू? तुमच्याकडं?” ती म्हणाली. “तुमी तर हसला हुता.”

कोणी हसले नाही. ती पुढे आली. प्रश्न तोच होता. “माज्या वाटनीचं पानी माज्या बैलाला का न्हाई म्हनलात?”

वडील उठून उभे राहिले. त्यांनी मुकुट काढून खुर्चीवर ठेवला. बसून राहून उत्तर देणे त्यांना बरे वाटले नाही, असे त्यांनी नंतर मला सांगितले. दाढी काढायचे त्यांच्या लक्षात आले नाही.

“बाई, त्या दिवशी लोक हसले, तेव्हा मला बरं वाटलं,” ते म्हणाले. “माझा आजोबा तुमच्यासारख्यांच्या विहिरीवर घागर घेऊन उभा राहायचा. ते माझ्या मनात आलं. पाण्याचा विचार मी केलाच नाही. विहिरीत पाणी होतं. तुम्ही मान खाली घातली, ती अजून खाली जावी असं वाटलं, म्हणून मी नाही म्हटलं. ते चुकलं. मी तो निकाल मागं घेतो. या विहिरीवर बाहेरच्या जनावरालाही पाणी मिळेल.”

ती त्यांच्याकडे पाहत होती.  बोलले ते थोरले पंच.

“मास्तर, तुमी उठलात.”

वडिलांनी त्यांच्याकडे पाहिले.

“उठलात. मुकुट बी खाली ठिवलात. राजा उठला की न्याय संपला. आत्ता जे बोललात त्ये मास्तर बोलले.”

“मग घाला की परत,” ती बाई म्हणाली. “घाला आन् बसा आन् म्हना. किती येळ लागतोय?”

वडिलांनी मुकुटाकडे हात केला. पंचांनी तो आधीच उचलला होता. ते ओरडले नाहीत. त्यांचा आवाज समजावण्याचा होता.

“एकदा उठल्यावर परत बसलेला राजा कुनी बघितलाय का? आज परत बसलात तर पुढं रोज कुनीतरी बसवंल. तुमचं मन दुकतंय, मला कळतंय. पर ह्या झाडाखाली बाभूळ मिटली, बांध मिटला. त्ये समदं ह्या पत्र्यावर हाय.” त्यांनी मुकुट पुढे धरून दाखवला. “पुढल्या सनाला बगू.”

लोकांमध्ये कुजबूज झाली. कोणी पंचांच्या विरोधात बोलले नाही. फादर व्हरांड्यात उभे होते. तेही बोलले नाहीत. ही रीत त्यांची नव्हती, वस्तीची होती. वडील उभेच होते, हात खुर्चीच्या पाठीवर. नियम त्यांना सगळ्यांपेक्षा चांगला ठाऊक होता. बाभळीच्या वर्षापासून तो त्यांनीच पाळला होता.

पुढल्या सणाला दुसरा राजा होता. वडील पुन्हा त्या खुर्चीवर बसले नाहीत. तो निकाल नंतर कोणत्याही राजाने बदलल्याचे माझ्या माहितीत नाही.

त्या दुपारी बाई वळून कुंपणाकडे जाऊ लागली. तेव्हा बायकांच्या बाजूने माझी आई उठली. ती घरी गेली, मोरीमागची बादली घेऊन आली आणि विहिरीकडे निघाली. पंच म्हणाले, “वयनी, निकाल हाय.” आई म्हणाली, “मला कुठं कोणी विचारलं होतं?” आणि चालत राहिली. तिला कोणी अडवले नाही. तिने पाणी शेंदले. विहीर काठोकाठ असल्यामुळे दोर फार सोडावा लागला नाही. शेजारची दगडी डोणी तिने भरली आणि बाईला हाक मारली, “आणा हो त्याला.”

बाईने भावाच्या हातून कासरा घेतला आणि बैल विहिरीवर आणला. लोक लिंबाखालून पाहत होते. वडील खुर्चीपाशी होते, दाढी तशीच. आई डोणीच्या बाजूला झाली.

सकाळपासून बैल भरलेल्या चाऱ्यांच्या कडेने चालत आला होता. त्याने डोणीतल्या पाण्याचा वास घेतला. बाईने त्याच्या मानेवर हात ठेवून शीळ घातली, बैलाला पाणी पाजताना घालतात तशी. आईने बादलीने पाणी हलवले. बैलाने तोंड वर केले. तो पाणी प्यायला नाही.